किन्हीराजाच्या विहिरीचं पाणी

अरे, आमच्या केमिस्ट्रीच्या बाईले मी एकदा फसवायले गेलो ना! बाईनं सांगितलं होतं, "ज्यानं त्यानं आपल्या गावच्या विहिरीचं पाणी आणून तपासा. नाहीतर वहीवर सही नाही." सही नाही म्हणजे परीक्षाच नाही! पण वाशीमवरून आमच्या गावाले, किन्हीराजाले, कोण जाते? म्या टेसनच्या नळावरच बाटली भरली.

बाईनं त्यात साबणाचं पाणी टाकून हलवलं. भसाभसा फेस आला.

"वा! लय गोड पाणी तुमचं. डाळ पटकन शिजत असंन?"

"कायची शिजते बाई! माय सकाळपासून चूल फुकते, तरी तूर टणकच!"

बोललो आन् जीभ चावली. जड पाण्याले फेस येत नाही, त्यात डाळबी शिजत नाही, हे बाईनंच शिकवलं होतं.

बाई रागावल्या नाहीत. "खरं पाणी आण," एवढंच म्हणाल्या.

बैलगाडीत बाटली पोटाशी धरून आणलं. फेसाचा पत्ता नाही! बाईनं खायच्या सोड्याची पुडी दिली. "डाळीत चिमूटभर टाकाले सांग मायले."

माय इतकी वर्सं आपल्याच हाताले दोष देत होती, गड्याहो.

सोमवारी वही पुढं केली, तर बाई पेनच उचलत नाहीत.

"डाळ शिजली का?"

"शिजली बाई. मायनं तुमाले जेवाले बोलावलं."

"मग आण ती वही."