उंदराचा डावा कान

हॅलो? … हां, बोल छोटे, हातमोजे काढत होते. … दवाखान्यात? एवढ्या सकाळी? … कुणाचं इंजेक्शन, आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांचं? सांधेदुखीच्या नव्या औषधाच्या चाचणीत तुझं नाव लागलं?

अगं ऐक ना. सही केलीस? … नाही ना? मग पेन खाली ठेव. … आधी ठेव, मग सांगते.

हो, हो, बातमी मीही वाचली. त्या इंजेक्शननं एक जनुक बंद केलं की सांध्यांची सूज उतरते, उंदरांवर सिद्ध झालंय… डोंबलाचं सिद्ध झालंय. त्या उंदरांच्या कानांना भोकं कुणी पाडली? मी. जनुक काढलेल्यांना डाव्या कानात, बाकीच्यांना उजव्या. आणि पायांची सूज मोजायला कोण, तर आमचं सुवर्णपदक. सरांचा लाडका. उंदीर तोंडासमोर धरतो आणि स्वतःच्या डाव्या हाताकडचा कान डावा म्हणून लिहितो. … हो ना, शेंबड्या पोरालाही कळतं. दोन पदव्या आहेत म्हणे.

… म्हणजे सगळं उलटं झालं. ज्यांचं जनुक काढलं, त्यांचेच पाय सुजले. पाण्याच्या बाटलीपर्यंत सरकता येईना त्यांना, मी बाटल्या खाली बांधल्या. ते जनुक म्हणजे लगाम आहे गं. तो सुटला की आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. तुला आधीच साधं बटण लावता येत नाही…

… काय? पिंजरे धुणारीला काय कळतं? … वा. सरही हेच म्हणाले. कान नीट बघा, एवढंच बोलले होते मी. तर सगळ्यांदेखत, "बाई, तुम्ही भुसा बदला."

… वर्ष झालं. … हो, वर्षभर माहीत होतं. … नाही, परत नाही सांगितलं. म्हटलं, पडू देत तोंडघशी, चारचौघांत हसं होऊ दे दोघांचं. मजा बघत बसले होते मी. पुढे ते इंजेक्शन कुणाच्या दंडात जाईल, हा विचार… नाही केला.

… रड. शिव्या दे मला. … पण तुझ्याआधी किती जणांनी सह्या केल्या? … अकरा? … पहिल्या बाईंना आत नेलं? आत्ता?

फोन सिस्टरकडे दे. … अगं दे, पळ.

… हॅलो, सिस्टर? ते इंजेक्शन थांबवा. मी प्रयोगशाळेतून बोलतेय. … नाही, डॉक्टर नाही. उंदरांचे पिंजरे धुते मी. … अहो, हसताय काय… ठेवू नका, ऐका… हॅलो? हॅलो?