डिंक्याच्या पाच ओळी

प्रेमिला : आणि या मधल्या ओळी, काकू? या कोणी निळ्या केल्या?

प्रयागबाई : म्या केल्या. तुह्यासाठीच तं केल्या.

प्रेमिला : माझ्यासाठी?

प्रयागबाई : मंग का वं. दहा ओळी निवडल्या तू, संत्र्याची शंभर झाडं. सगळ्यायले डिंक्या, सगळ्यायच्या खोडातून डिंक गळून राहिला. अन तू एकाआड एक ओळीले मोरचूद-चुन्याचा लेप लावला. बाकीच्या पन्नासाले टिपूस नाई. मंग ऊन लागून तू नागपूरले गेली. म्या म्हटलं, पोरीचं सामान सरलं असन, सांगाले लाजली असन.

प्रेमिला : सामान भरपूर होतं काकू. ती पन्नास मी मुद्दाम कोरी ठेवली होती. लेप लावलेलं झाड आणि न लावलेलं झाड, दोघांत फरक किती पडतो, तोच तर माझा उन्हाळ्याचा अभ्यास.

प्रयागबाई : म्हंजे जाणून उपाशी ठेवली?

प्रेमिला : हो.

प्रयागबाई : एकाच्या पानावर वाढाचं अन बाजूच्याकडे पाहाचंबी नाई? असा पंक्तिप्रपंच बी.एस्सी.ले शिकवतेत?

प्रेमिला : (हसू दाबत, बांधावर बसून) शिकवतात. पंधरा दिवसांनी आज एस.टी.तून उतरले, पाहते तर अख्खी बाग जेवून बसलेली. मला हसू येऊन राहिलं आणि रडूही येऊन राहिलं.

प्रयागबाई : रडाले काय झालं?

प्रेमिला : उद्या सकाळच्या गाडीनं कॉलेजचे सर माझं काम पाहायला येऊन राहिले. पोरीच्या जातीला बागेतलं, उन्हातलं काम जमत नाही म्हणत होते. मी भांडून आले. आता म्हणतील, बघा, म्हटलं होतं ना. पुढच्या साली एकाही मुलीला पाठवणार नाहीत.

प्रयागबाई : मंग काथ्या घेऊन बसू दोघी. रातभरात घासून काढू.

प्रेमिला : लागलं ते लागलं काकू. ते कुठं निघतं?

प्रयागबाई : नाई तं सांगू, जी, रोगच नवा हाय. झाडं आपोआप निळी होतेत.

प्रेमिला : नका हो काकू, पोट दुखतं हसून. ते आयुष्यभर याच रोगामागे फिरले आहेत. आणि खोटं मी नाही सांगणार. बरं, पन्नासही झाडं एका दिवसात उरकली?

प्रयागबाई : एका दिवसात? माही कंबर का लोखंडाची हाय? पयली ओळ तू गेली त्याच दिवशी, घरात होता तेवढ्या मोरचुदानं. दुसरी बाजाराच्या दिवशी, मोरचूद आणला तवा. तिसरी कपिला गाय व्याली त्या दिवशी, चवथी एकादशीले. अन पाचवी काल.

प्रेमिला : थांबा. तारखा लिहू द्या. चट्टा खरवडून लावला का?

प्रयागबाई : हाव, विळ्यानं. आमचे हे तसंच करत. पयल्या ओळीत चट्टा बोटभर होता. कालच्या ओळीत वीतभर गेला होता, पार खोडाच्या मागं.

प्रेमिला : काकू, पुन्हा सांगा.

प्रयागबाई : बोटभर. मंग चार बोटं. अन काल वीतभर. काय झालं वं, अशी काहून पाहून राहिली?

प्रेमिला : लेप लावावा की नाही, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. पण किती दिवस उशीर झाला तरी झाड वाचतं? ते तुम्ही करून ठेवलं, पाच ओळींत, पाच तारखांना. आता मी दर आठवड्याला मोजायचं फक्त. मला नाचावंसं वाटून राहिलं काकू.

प्रयागबाई : नाच ना मंग, कोन पाहून राहिलं. ढोरं तं पान्यावर गेली.

प्रेमिला : सरांना सगळं खरं सांगते. लेप प्रयागबाईंनी लावला, तारखा त्यांच्या, चूक कोणाची नाही.

प्रयागबाई : अन हेबी सांग, पुढच्या साली दोघी पाठवा. एकीले ऊन लागलं तं दुसरी मोजन.

प्रेमिला : आणि ते म्हणाले, मुलगेच पाठवतो, तर?

प्रयागबाई : तं म्हन, पाठवा. पण बाग आमची हाय. खोडाले हात पोरगीच लावन.