राखणदाराला घरी सोडायला

माझा जन्म देवरुखाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून बसलेल्या आमच्या वाडीतला. म्हणजे आता जिथं नुसती तांबडी माती आणि दगड दिसतात ना, तिथला. दारात पऱ्या, म्हणजे ओढा, बारमाही वाहणारा, त्याच्या काठावर बिटकीचा आंबा, फळ एवढंसं पण गोड, काय सांगू तुमाला. पोहायला त्या पऱ्यात शिकलो, पडलो त्या आंब्यावरनं, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नव्या बायकोसमोर ऐट करायला उडी मारली ती पण तिथल्याच कोंडीत, म्हणजे पऱ्याच्या डोहात, तेव्हा पाणी गुडघाभर होतं. आमची पार्वती अजून ही गोष्ट पाहुण्यांना चहाच्या आधी सांगते.

मग एका पावसात दरड आली. आमाला आदल्या संध्याकाळीच शाळेत हलवलेलं, म्हणून माणसं सगळी वाचली, गुरं पण सोडून दिलेली. घरं गेली. पऱ्या मात्र बाजूनं वाट काढून वाहतोच हाय, आणि आंबा अर्धा मातीत गाडला गेला तरी उभा. आमाला वर सड्यावर, डोंगरावरच्या उघड्या माळावर, घरं बांधून दिली. चांगली हायत, खोटं कशाला बोलू, नळ हाय, पंखा हाय. पण खाली कातळ, नुसता कातळ, सावलीला झाड नाय. आणि मी असला येडा, बाजारातनं येताना सवयीनं एसटीतनं खालच्या थांब्यावर उतरायचो, हातात सुकटीची पिशवी, पार आंब्यापाशी पोचल्यावर आठवायचं, अरे, घर कुठाय! मग काय, पऱ्यावर तोंड धुवायचं, जरा बसायचं, आणि चढण चढून वर. पार्वती विचारायची, परत चुकलात? मी बोलायचो, व्हय. खाली कसं हाय ते मात्र ती विचारायची नाय. दरडीनंतर ती एकदा पण खाली उतरली नव्हती. पाणी भरताना सुद्धा त्या बाजूला पाठ करून उभी राहायची. चल म्हटलं तर बोलायची, बघायला काय उरलंय तिथं.

भात झोडून झालं आणि राखणेची वेळ आली. राखण म्हणजे काय, जागेचा राखणदार असतो, डोळ्याला दिसत नाय, त्याला वर्षाचा नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं हाक मारून मागणं मागायचं. गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराचा. आता जागा नवी, राखणदार नवा, हाक त्याला मारायची होती. सगळी वाडी कातळावर जमली, मी नारळ धरला, डोळे मिटले आणि तोंड आपलं सुटलं, बा राखणदारा, ह्या पऱ्याच्या, ह्या कोंडीच्या, ह्या बिटकीच्या धन्या, ये म्हाराजा आणि तुझा नारळ घे. सगळे एका सुरात बोलले, व्हय म्हाराजा! नारळ फुटला, आणि मग ध्यानात आलं. एक जण बोलला, तात्या, पऱ्या कुठाय हितं, नळाला हाक मारलीत काय? अख्खी वाडी हसली.

वाडीत सगळ्यात म्हातारी आमची भागीरथीकाकी, ती काय हसली नाय. बोलली, दात काय काढता रे, बोलावलंन म्हणजे तो आला असणार. हद्द सोडून एवढी चढण चढून आला बिचारा. आता खाली पऱ्याला कोण हाय? उद्या त्याला घरी नेऊन सोड.

तशी पार्वती पदर खोचत बोलली, ह्यांना एकट्याला कुठं पाठवता, हे वाट चुकतात. मी जाते.

दुसऱ्या दिवशी पुढं मी नारळ घेऊन, मागं पार्वती, आणि तिच्या मागं बघतो तर सगळी वाडी. पार्वतीनं आंब्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, मग पऱ्यात पाय सोडून बसली. डोळे पुसलेन आणि कोंडीकडं बघून बोलली, मारा की उडी, अजून गुडघाभरच हाय.

तेव्हापासून दर राखणेला मी ती चूक करतो, आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या बांधून सगळे त्याला सोडायला जातो. काकीला आता चालवत नाय, ती दारातनंच ओरडते, चूक नीट कर रे बाबा! गेल्या खेपेला माझं गाऱ्हाणं चुकून बरोबर निघालं, नव्या राखणदाराचंच नाव आलं तोंडात, तर पार्वतीनं मागनं असा चिमटा काढलान की मी पुन्हा पहिल्यापासून घातलं. तुमी पण या यंदा. आता आमाला दोन राखणदार हायत, एक वरचा, एक खालचा. दोघं मिळून तुमचं भलं करोत.