डॉक्टरांचा दाखला

अमारिलोच्या परवाना कार्यालयात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याची मुलगी उभी होती. म्हाताऱ्याने त्याच सकाळी एक जुना मोठा ट्रक विकत घेतला होता आणि तो त्याला दूर उत्तरेला, मोंटानाला घरी न्यायचा होता. खिडकीतल्या बाई नियम सांगत होत्या.

“तात्पुरती नंबरपट्टी मागच्या काचेला लावा. विम्याचे कागद गाडीत ठेवा. आणि वाटेत कुणाचा माल भरायचा नाही.”

“रिकामाच नेतोय, बाई. जन्म गेलाय माझा असल्या ट्रकवर.”

“बरं, मोठा ट्रक चालवायला लागतो तो डॉक्टरांचा दाखला दाखवा.”

“तो घरी राहिला.”

“घरी कुठला, बाबा? तुम्ही तर म्हणालात, खिशात आहे.”

“लोर्ना, तू मध्ये बोलू नकोस.”

“डॉक्टरांनी दिलाच नाही ना? मार्चमध्ये स्टिअरिंगवर शुद्ध हरपली होती तुमची!”

“नाही दिला. मग काय करू? तुझी आई गेल्यापासून त्या घरात भिंतींशी बोलतोय मी.”

“साहेब, दाखल्याशिवाय तुम्हाला चालवता येणार नाही. लायसन्सवाला दुसरा कुणी आणा.”

“माझ्याकडे लायसन्स आहे, दाखलाही आहे. दुधाचा टँकर चालवते मी.”

“तू नेशील, पोरी?”

“नेईन. पण घरी पोचलं की विकायचा.”

“आणि मी?”

“तुम्ही शेजारी बसा.”

“माझ्या ट्रकमध्ये त्या जागी तुझी आई बसायची.”

“ठाऊक आहे, बाबा.”

“मग परवान्यावर चालक म्हणून कुणाचं नाव घालू?” बाईंनी विचारलं.

म्हाताऱ्याने किल्ली मुलीच्या हातात ठेवली.

“लोर्ना हॅस्केल लिहा.”