कुटलेला भेजा

(प्रयोगशाळा, दुपारी चार वाजायला दहा मिनिटं. ताई इथल्या संशोधक. मामा त्यांना रोज कोंबडीचं, आपोआप गोठू नये म्हणून औषध घातलेलं रक्त आणि बोकडाचा कुटलेला भेजा पोचवणारे मटणवाले. आता रिकामे डबे न्यायला आलेत.)

ताई : डबे राहू द्या हो मामा, आधी इकडे या! मोठ्याने आकडे मोजा. हा घातला भेज्याचा अर्क रक्तात!

मामा : एक, दोन, तीन... दहा, अकरा, बारा... आयला! थिजलं की!

ताई : बारा सेकंद! महिनाभर दोन-दोन मिनिटं नळी हलवून मनगट गेलं माझं. बोकडाचं सीरम घालून पाहिलं, अर्क दाट करून पाहिला, रक्त आपलं ढिम्म! आणि आज चौथ्यांदा बारा सेकंद!

मामा : बरं झालं. येतो मी.

ताई : थांबा ना! चार वाजता सर येतायत. आज हात हलवत उभी राहिले असते तर विषय बंद आणि मी घरी. आता म्हणते, बघा सर, बोकडाच्या भेज्याची करामत!

मामा : ताई... बोकडाचं नाव नका घेऊ.

ताई : का?

मामा : आज बोकड कापलाच नाही. रोजचं गिऱ्हाईक तुटायला नको, म्हणून वीस कोंबड्यांची डोकी फोडली. कुटल्यावर कोण ओळखतंय, म्हटलं. चुकलं माझं, कान धरतो.

ताई : कोंबडीचं रक्त... आणि कोंबडीचाच भेजा? मामा! कालचा बोकडाचा अर्क बर्फात आहे. मोजा, मोजा!

मामा : एक, दोन... चाळीस... ताई, घसा सुकला... शंभर. अजून पाणीच आहे!

ताई : आता आजचा.

मामा : ...अकरा, बारा. थिजलं! म्हणजे कोंबडीला कोंबडीचंच लागतं?

ताई : परक्याचं चालतं, पण रडतखडत! अहो, मी महिनाभर रक्तालाच नावं ठेवत बसले होते!

मामा : मग रागावला नाहीत ना?

ताई : रागावलेय तर! गप्प बसला असतात तर मी सरांना धडधडीत खोटं सांगितलं असतं. उद्यापासून डब्यात काय आहे ते खरं सांगायचं.

मामा : सांगतो, शप्पथ. सरांची पावलं वाजतायत. मी मागच्या दाराने सटकतो.

ताई : सटकताय कुठे? हे त्यांना तुम्हीच सांगायचंय.

मामा : मी? अहो, ॲप्रन बघा माझा. सगळा रक्ताने माखलाय.

ताई : माझा बघा.