जोडीदाराची खूण

— नाही हो मिस्त्री, छिन्नी नका लावू, चार स्क्रू आहेत, ते काढा, पाटी आपोआप सुटेल. एकोणीस वर्षं लागलेली आहे ती, हलक्या हाताने. काय म्हणता? साहेब निवृत्त झाले? निवृत्त कसला — काढला त्याला. नाव घ्यायचीसुद्धा किळस येते मला. आणि नव्या पाटीवरचं नाव वाचलंत ना — ती मीच.

आम्ही इथे काय करतो विचारणार होतात ना? नसाल विचारणार, तरी सांगते. एक कण असतो, डोळ्यांना न दिसणारा. त्याचा एक प्रतिकण असतो — सगळं तेच, फक्त उलटं. आणि हा शहाणा, कुणी हात न लावता, आपला आपणच उलटा होतो, परत सुलटा, परत उलटा — सेकंदभर टिकला तर तीन लाख कोटी वेळा पालटेल, पण तेवढा टिकतोय कुठे. आणि जमतं कुणाला हे? ज्याच्यावर ना धन भार, ना ऋण, असल्यांनाच — ना इकडचे ना तिकडचे. मला पहिल्यापासून घाण वाटते त्याची. त्याच्यावरच पोट भरते, पण घाण वाटते. बरं, मरताना तो काय होता ते कळतं आम्हाला. जन्मताना काय होता, ते त्याच्याकडे बघून नाही कळत. त्याच्यासोबत जन्मलेल्या जोडीदाराकडे बघायचं — जोडीदार अमुक, म्हणजे हा तमुक होता. जोडीदाराची खूण चुकीची वाचली की संपलं, सगळंच उलटं.

तर हा माणूस. आम्ही दोघं एकाच दिवशी इथे रुजू झालो, एकाच फडक्याने चष्मे पुसले. आमचा नियम असा, की मोजणीचं उत्तर मशीनच झाकून ठेवतं — आधी दिसलं तर माणूस मोजणी हवी तिकडे ओढतो, म्हणून. ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायचं. तीन वर्षांची मोजणी — आणि आठवडाभर आधी, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, याच्या मशीनवरून, याच्या पासवर्डने ते उघडलं गेलं. मोजणी कचऱ्यात. इतका सरळ माणूस आणि डबा खायच्या वेळात पालटला — शी. चौकशीत म्हणाला, मी खाली झाडाखाली बसलो होतो. पाहिलं कुणी? कुणीच नाही. मग मला बोलावलं — जोडीदार ना मी. तुम्ही इतकी वर्षं ओळखता, माणूस कसा आहे? मी म्हटलं, हल्ली बदललाय.

हळू, पोपडा निघतोय. — आणि ती खुर्चीही बाहेर काढा त्याची, मला नको. उंच आहे, पाय टेकत नाहीत, लोंबकळत बसावं लागतं आकडा येईपर्यंत — वीसच सेकंद लागतात, पण घाम फुटतो हो —

काय बघताय? बसले असेन कधीतरी. एकदा. आईशप्पथ एकदाच, आणि नुसतं बघायला. तीन वर्षं डोळे फोडून घ्यायचे आणि बघायचंही नाही? पासवर्ड त्यानेच दिला होता, आजारी पडला तेव्हा, फक्त मला. म्हणजे कळलंच असणार की त्याला — माझ्याशिवाय होतं कोण? आणि चौकशीत माझ्याकडे बघत बसला नुसता. रागानेही नाही. मी वाट बघत होते, आता घेईल माझं नाव, आता घेईल. नाही घेतलं. तसाच राहिला — जसा पहिल्या दिवशी आला होता तसाच, सरळच्या सरळ. त्याची किळस येते मला, कळलं? त्याची.

निघाली? बघू. केवढा चौकोन राहिलाय मागे, जुन्या रंगाचा, स्वच्छ. माझी पाटी लहान आहे, नाही झाकणार.

राहू द्या. नका लावू आज. ठेवा टेबलावर — कुठली काय, दोन्ही ठेवा, पालथ्या. आणि जाताना दार ओढून घ्या.