खुर्चीतली ऊब

...बसून राहा म्हणजे काय हो? नुसतं बसून राहा! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी त्या प्रयोगशाळेत पंप सांभाळले, नळ्या बदलल्या, आणि आता माझं काम काय, तर खुर्चीत बसणं! मी काही बोलतोय का? छे, मी काही बोलत नाही!

त्याचं असं झालं... आमच्याकडे एक यंत्र आहे. पदार्थाच्या आत इलेक्ट्रॉन कशी गर्दी करतात, कुठे अडकतात, ते म्हणे भल्याभल्या कॉम्प्युटरलाही मोजता येत नाही. मग आमच्या मॅडम काय करतात? अणू घेतात, चांगले गारठवतात, लेझरच्या उजेडात ओळीनं बसवतात आणि त्यांना इलेक्ट्रॉनचं सोंग घ्यायला लावतात. सोंग बघायचं, उत्तर लिहायचं! पण नखरे किती... खोली जरा गार पडली की लेझर सरकला, सोंग फिसकटलं!

तर मी दाढ काढायला एक दिवस रजेवर गेलो. आकडे बिघडले. टाके दाखवायला गेलो, पुन्हा बिघडले! मॅडमनी माझा हजेरीपट त्या आकड्यांशेजारी ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणतात कशा, "काका, यंत्र तुमच्या अंगाच्या उबेला सरावलंय हो! सगळी जुळवणी तुम्ही इथे बसलेले असतानाच झाली ना! आता निकाल येईपर्यंत हलायचं नाही." हलायचं नाही! शिंकलो तरी चार जण वळून बघतात! मी काही बोलतोय का?

पण तिकडे परगावी माझी मुलगी... पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, आई नाही हो तिला. रोज फोन, "बाबा, कधी निघताय?" काय सांगू? तुझा बाप यंत्राचा सुटा भाग झालाय म्हणून? तीन अर्ज दिले, तिन्ही परत. चौथा द्यायला मॅडमच्या टेबलापाशी उभा राहिलो आणि रडलोच... एवढा घोडा झालेला माणूस, सगळ्यांदेखत!

मॅडमनी अर्ज ठेवून घेतला. म्हणाल्या, "थांबा, बघते काहीतरी." दुसऱ्या दिवशी रजा मंजूर! नाचत डबा घ्यायला गेलो, तर माझ्या खुर्चीत कोण? बल्ब! शंभर वॅटचा, पिवळाधमक. बसलेला माणूस म्हणे साधारण तेवढाच तापतो! आणि आकडे? माझ्या वेळेपेक्षा सरळ!

मी आपला गुपचूप बॅग उचलून निघालो, तर मागून मॅडम, आवाज कसला गोड... "काका, सावकाश या हं, काही घाई नाही. हा चहाला उठत नाही."